तळ्यातील पाणवनस्पती आणि मासेमाराचे पोट



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, हा गृहस्थ कामगार चळवळीत तीस वर्षे वावरलेला आहे, तेव्हा तो बोनस, किमान वेतन किंवा संपाचा कायदा यांपैकी कशावर तरी बोलेल. मी विषय कळविला तो मासळीच्या तळ्यातील वनस्पतींचा. त्यावर चालकांचे पुन्हा पत्र आले, की विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. निदान विषय कळविण्यात तरी झालेली नाही. एक मोठी चूक माझ्या हातून पूर्वी झाली होती, आणि तीच मला आज या व्यासपीठावर घेऊन आली आहे. ती मी योग्य जागी सांगेन.

मी गोंदियाकडचा. माझे काम विडी कामगारांत. शाळा मी आठवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर आणि सभासदांच्या ओसरीवर. तेव्हा शास्त्राच्या गोष्टी मी एखाद्या प्राध्यापकाच्या अधिकाराने सांगणार नाही. ज्याला गरजेपोटी शिकावे लागले, अशा माणसाच्या भाषेत सांगेन. आमच्या भागात ढिवर समाजाची वस्ती मोठी आहे. एकाच घरात बाई सूप मांडीवर घेऊन विडी वळते आणि तिचा नवरा गावच्या तलावात जाळे टाकतो. विडीची मजुरी बुडाली की घर मासळीवर तगते, आणि मासळी बुडाली की सारा भार विडीवर येतो. अशा घराचा हिशेब मांडावयाचा तर संघटनेच्या कार्यकर्त्याला तलावात उतरावेच लागते.

आमच्याकडील तलाव कसले, हे प्रथम सांगितले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत जुने तलाव हजारांनी मोजावे लागतात. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजातील कसबी लोकांनी दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल, तोही याच परंपरेतला. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना आज 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात 'मामा तलाव', असे म्हणतात. त्याहून लहान ती बोडी. पाणी भातासाठी, निस्तार सर्व गावाचा आणि मासळी ढिवरांच्या सहकारी संस्थेची, तीही ठरावीक वर्षांच्या ठेक्याने, अशी त्यांची वाटणी आहे.

ही तळी उथळ असतात, हे कृपा करून लक्षात ठेवा. मोठ्या धरणाच्या तळाशी काळोख असतो. आमच्या तलावात माणूस पुष्कळ अंतरापर्यंत छातीभर पाण्यातून चालत जाऊ शकतो. पाणी नितळ असेल तर ऊन थेट चिखलापर्यंत पोचते, आणि जेथे ऊन व चिखल यांची गाठ पडते तेथे रान उगवते. पाण्याखालचे रान.

तळ्यात उगवते ते सारे एकाच मापाने मोजण्याची आपणा शहरवासीयांची सवय आहे. आपण सर्वाला शेवाळ म्हणतो, नाहीतर घाण म्हणतो. वास्तविक यात निरनिराळी बिऱ्हाडे आहेत. काठच्या दलदलीत उभी राहणारी लव्हाळे, देवधान यांसारखी वनस्पती हे एक बिऱ्हाड. मुळे चिखलात आणि पाने पाण्यावर पसरलेली, अशी कमळ, कुमुद आणि शिंगाडा ही मंडळी दुसरे. मुळे पाण्यातच लोंबकळत, वरच्यावर तरंगणारी जलपर्णी तिसरे. आणि चौथे, ज्याच्याविषयी मी बोलणार आहे, ते सर्वस्वी पाण्याखाली राहणारे. त्यात हायड्रिला आहे, जिच्या लांब दोरीसारख्या देठावर बारीक पानांची चक्रे असतात. व्हॅलिस्नेरिया आहे, जिची पाने फितीसारखी लांब असून ती तळातून झुबक्याने निघतात. सेराटोफायलम आहे, जिला मुळेच नसतात आणि जिचा शेंडा मांजराच्या शेपटीसारखा गच्च असतो. नावे परकी आहेत म्हणून बिचकू नका. वनस्पती आपल्याच आहेत, नावे तेवढी लॅटिन पुस्तकांतली.

यांतील व्हॅलिस्नेरियाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. तिचे मादीफूल एका लांब, मळसूत्री देठावर चढत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येते. नरफुले खाली तळाशी सुटी होतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि वाऱ्याने तरंगत तरंगत मादीफुलाला जाऊन भिडतात. लग्न लागले की देठाचे मळसूत्र आवळते आणि फळ पुन्हा पाण्याखाली ओढले जाते. इतका सारा प्रपंच ज्या ठिकाणी चालतो, त्याला आपण घाण म्हणत आलो!

आता हे रान माशांच्या काय उपयोगाचे, ते क्रमाने पाहू.

पहिला उपयोग श्वासाचा. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि तो साठा किती तुटपुंजा असतो ते ऐका. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. तीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात हवेतून मुरून मुरून मुरणार तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. कटला-रोहूसारख्या माशाला पाच मिलिग्रॅम असला तर बरे वाटते. तीनच्या खाली गेला की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणजे माशाचे सारे आयुष्य दोनचार मिलिग्रॅमच्या जमाखर्चावर चालते. महिनाअखेरीस कामगाराच्या घरची जी स्थिती, ती माशाची रोजची.

या जमाखर्चात जमेची मोठी बाजू वनस्पतींची. आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत तो प्रयोग पाहिला आहे. काचेच्या भांड्यात हायड्रिलाची जुडी, तिच्यावर उपडे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि भांडे उन्हात. बुडबुडे निघतात, नळीत वायू साठतो, विझत आलेली काडी त्यात धरली की पुन्हा पेटते. गुण मिळाले की आपण तो विसरून गेलो. या प्रयोगाच्या मुळाशी यान इंगेनहाउझ नावाचा डच वैद्य आहे. १७७९ साली त्याने पाण्यात बुडविलेल्या पानांवर हे बुडबुडे निरखले आणि दाखवून दिले की ते उन्हात निघतात, अंधारात थांबतात. शाळेच्या भांड्यात जे घडते तेच तलावात घडते, मात्र तेथे नळी लावून तो वायू कोणी काढून घेत नाही. तो माशांच्या वाट्याला येतो.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविली तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. रात्री ऊन नसते, आणि श्वास तर वनस्पतीलाही घ्यावा लागतो. तेव्हा दिवसभर जमा करणारी तीच वनस्पती रात्रभर खर्च करते. तिन्हीसांजेच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी, अशी रोजची भरती-ओहोटी चालते. म्हणून माशांवर संकट येते ते बहुधा पहाटे. दोनतीन दिवस आभाळ गच्च असेल तर जमा घटते आणि खर्च तेवढाच राहतो. अशा पहाटे मासे वर येऊन तोंडे वासू लागतात. सारा तलाव वनस्पतींनी ठासून भरला तरी हे होते. म्हणून 'जितकी झाडे तितके चांगले' हा हिशेब पाण्यात चालत नाही. तेथे मापाला महत्त्व आहे, आणि त्या मापाकडे मी पुढे येतोच.

दुसरा उपयोग अन्नाचा. मासे ही झाडे चरतात असे नव्हे. काही चरतात, पण मुख्य गोष्ट निराळी आहे. पाण्याखालच्या प्रत्येक पानावर बुळबुळीत साय धरते. त्या सायीत सूक्ष्म शेवाळे, जंतू आणि डोळ्यांना न दिसणारे प्राणी असतात. ती साय गोगलगायी व किड्यांच्या अळ्या खातात, झिंगे खातात, रोहूही खरवडतो. म्हणजे तळ्याचा तळ एक एकर असला तर पानांनी त्यावर कित्येक एकरांचे कुरण मांडून ठेवलेले असते.

तिसरा उपयोग घराचा. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यावाचून ते अंडी घालीत नाहीत, म्हणून तलावात त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविण्यात यश मिळविले, आणि तेव्हापासून मत्स्यबीजाचा धंदा उभा राहिला. तो शोध थोर आहे. परंतु तलावाचे स्वतःचे असे जे मासे, मरळ, शिंगी, मांगूर आणि कितीतरी लहान जाती, त्यांना बीजकेंद्र लागत नाही. त्यांना आडोसा लागतो. मरळीचे जोडपे गवता-वनस्पतींत थोडी जागा मोकळी करून तेथे अंडी घालते आणि पिले मोठी होईतो पहारा करते. हा आडोसा गेला की त्यांचा वंश खुंटतो. हे मासे ढिवराच्या घरी विकत न घेता येतात. बाजारात मरळीला भाव आहे आणि लहान मासळी घरच्या पोरांच्या ताटात पडते. बीजाचा मासा संस्थेच्या हिशेबवहीत दिसतो. हा मासा वहीत दिसत नाही, म्हणून तो कमी झाला तेही वहीत दिसत नाही.

चौथा उपयोग पाणी नितळ ठेवण्याचा. शेतातले खत पावसाबरोबर वाहून तलावात येते. ते खाणारे दोन दावेदार आहेत, तळाची झाडे आणि पाण्यात तरंगणारे हिरवे सूक्ष्म शेवाळ. झाडे भरपूर असली तर मुळांनी गाळ धरून ठेवतात आणि खताचा वाटा उचलतात. शेवाळ खाणारे बारीक जीव त्यांच्या आडोशाने वाचतात. पाणी नितळ राहते, ऊन तळापर्यंत पोचते आणि झाडे आणखी वाढतात. उलट झाडे नाहीशी झाली तर गाळ ढवळतो, शेवाळ माजते आणि पाणी हिरवे गढूळ होते. मग ऊन खाली पोचतच नाही, आणि नवे झाड उगवूच शकत नाही. उथळ तळ्याच्या या दोन स्थिती असतात आणि दोन्ही आपापल्या जागी टिकून बसणाऱ्या, असा सिद्धान्त मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९३ साली मांडला. कामगार चळवळीतल्या माणसाला हे पटकन समजते. बंद पडलेली संघटना नुसत्या सदिच्छेने सुरू होत नाही. बंद पाडणे एका दिवसाचे काम आहे, पुन्हा उभी करणे काही वर्षांचे.

आता माझी चूक सांगतो.

कित्येक वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका गावच्या संस्थेचे सभासद माझ्याकडे आले. तलावात बेशरम माजली होती, आणि वनस्पतींत जाळे अडकून फाटत होते. गाऱ्हाणे खरे होते. मी उत्साहाने अर्ज लिहिला: 'तलाव संपूर्ण साफ करून मिळावा.' 'संपूर्ण' या शब्दाखाली मी रेघही ओढली होती. अर्ज मंजूर झाला. उन्हाळ्यात यंत्र आले आणि त्याने बेशरमीबरोबर तलावाचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडून काढला. वर कोणाच्या तरी सल्ल्याने, पुन्हा 'कचरा' वाढू नये म्हणून, गवत्या माशाचे म्हणजे ग्रासकार्पचे बीज सोडण्यात आले. सभा झाली, मी हार घातला आणि घालूनही घेतला.

पहिल्या वर्षी जाळे सरसर ओढले गेले. सर्व खूष झाले. दुसऱ्या वर्षी पाणी हिरवे पडले. मरळ दिसेनाशी झाली आणि झिंगे गेले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात ढग लागून राहिले, आणि एका पहाटे काठाशी पांढऱ्या पोटांचा थर लागला. मी पोचलो तेव्हा बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या, पण भरावे असे त्यांत काही नव्हते. सडू लागलेला मासा कोण घेणार? त्या मोसमात त्या वस्तीतल्या घराघरांत विडीच्या मजुरीवर उचल निघाली. ती उचल फेडता फेडता पुढच्या वर्षीची मजुरी गेली, हे मी संघटनेच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले आहे. एका म्हाताऱ्या ढिवराला मी विचारले, "बाबा, असे का झाले?" ते म्हणाले, "घर पाडून टाकलं भाऊ, आता मानसं कुठी गेली म्हून काहाले पुसता?"

अर्ज लिहिण्यापूर्वी मी या म्हाताऱ्याला विचारले नव्हते. ज्याच्यासाठी मागणी करावयाची त्याला विचारून ती लिहावी, हा आमच्या चळवळीचा पहिला नियम, आणि मी तो तलावाच्या काठी विसरलो. त्यानंतर मी पुस्तके धुंडाळली, आणि त्याहून अधिक या म्हाताऱ्याच्या मागे चिखलातून फिरलो. आमच्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मासेमारांच्या ज्ञानाचा आधार घेऊन तलावांत पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम चालविले होते. त्याची माहिती मिळाली तेव्हा धीर आला, की हे होऊ शकते.

ते कसे करावे, हे आता सांगतो. कोणाच्या गावी तळे असेल, कोणाच्या शेतावर मासळीची बोडी असेल, त्यांना उपयोग होईल.

आधी शत्रू ओळखावा. बेशरम आणि जलपर्णी या दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पाहुण्या. बेशरमीची फांदी पडेल तेथे मूळ धरते. म्हणून नुसती छाटून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती मुळासकट उपटावी, तळ्याबाहेर काढावी आणि वाळवून जाळावी. तळ्यात गवत्या मासा असेल तर तो आधी पकडून काढावा. हा मासा १९५९ साली आपल्या देशात आणला गेला तोच झाडे खाण्याच्या गुणासाठी. एका हाताने लावावे आणि दुसऱ्या हाताने चारावे, यात अर्थ नाही.

मग पाणी पाहावे. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलज्ञाने १८६५ साली समुद्राच्या पाण्याची पारख करण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. तीच युक्ती आपण वीतभर रुंदीच्या पांढऱ्या थाळीने करू शकतो. थाळी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजावी. त्याच्या सुमारे दुप्पट खोलीपर्यंत झाडाला पुरेसा उजेड मिळतो असे ढोबळ मानाने धरावे. थाळी हातभर खोलीवर नाहीशी झाली, तर दोन हातांपेक्षा खोल जागी लावण्याचे श्रम फुकट जातील.

रोपे जवळच्या जुन्या निरोगी तलावातूनच आणावी. मत्स्यालयाच्या दुकानातली परदेशी झाडे आणू नयेत. याचे कारण ऐका. आपली हायड्रिला आपल्याकडे गुणी आहे. तीच १९५० नंतरच्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पोचली, आणि तेथील नद्या-तळी तिने अशी गिळली की तिला काढण्यासाठी तेथील सरकारला अतोनात पैसा खर्चावा लागला. घरी शहाणे असलेले पोर परगावी उनाड निघावे, तसा हा प्रकार. रोपे आणताना जलपर्णीचा एक कोंबही बरोबर येऊ देऊ नये. त्यासाठी प्रत्येक जुडी धुऊन पाहावी.

लावणीचे हंगाम दोन. एक मृगाच्या पावसानंतर, चिखल मऊ होऊन पाणी घोट्या-गुडघ्याला लागते तेव्हा. दुसरा पावसाळा सरल्यावर, पाणी निवळते तेव्हा. व्हॅलिस्नेरिया मुळांसकट घेऊन भाताच्या रोपासारखी बोटांनी चिखलात रोवावी. मात्र तिचा कोंबाचा भाग गाडला जाऊ नये. हायड्रिलाचे हातभर तुकडे पाचसात एकत्र बांधून बुडाशी चिकणमातीचा गोळा लावावा आणि ते पाण्यात सोडावे. तिच्या पेऱ्यापेऱ्याला मूळ फुटते. सेराटोफायलमला मुळे नाहीत. तिला खडा बांधून सोडले की पुरे. एकाच जातीने सारे भरू नये. निरनिराळ्या जाती असल्या तर एकीला रोग पडला किंवा पाणी कमीजास्त झाले तरी दुसरी तग धरते. लावलेल्या जागेभोवती बांबू रोवून जुने जाळे बांधावे, म्हणजे म्हशी व मोठे मासे रोपे उपटणार नाहीत. एक मोसम हे कुंपण राखले की मुळे धरतात.

आणि माप. तळ्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रान असावे, बाकी पाणी मोकळे, असा अंदाज ठेवावा. झाडे पट्ट्यापट्ट्यांनी लावावी आणि मध्ये जाळे ओढण्यास गल्ल्या सोडाव्या. जाळे अडकण्याचे मासेमाराचे गाऱ्हाणे खरे असते. त्याला निसर्गप्रेमावर प्रवचन देऊन ते मिटत नाही, गल्ली सोडून मिटते. वाढ जास्त झाली तर हाताने काढावी, तीही एकदम नव्हे, पाळीपाळीने. काढलेली वनस्पती पाण्यात सडू देऊ नये, कारण सडताना ती प्राणवायू खाते. काठावर आणून कुजवली तर भाताला उत्तम खत होते. गाळ काढावयाचा असेल तेव्हाही तलावाचे भाग पाडावे आणि एक भाग न खणता राखावा. हायड्रिलाचे बारीक कंद वरच्या चिखलातच असतात. सारा तळ एकाच वर्षी खरवडला तर आपण बियाणेच उचलून नेतो.

आमच्या त्या तलावात आम्ही असेच केले. पहिल्या वर्षीची लावणी बहुतेक म्हशींनी खाल्ली, कारण कुंपणाला मी अनावश्यक खर्च म्हणालो होतो. म्हणजे माझी दुसरी चूक. दुसऱ्या वर्षी बायांनी पुढाकार घेतला. विडीचे सूप बाजूला ठेवून त्या कमरभर पाण्यात उतरल्या, कारण रोवणीची बोटे त्यांचीच. तिसऱ्या वर्षी थाळी हातभर खाली दिसू लागली. मरळीची पिले पुन्हा दिसली तेव्हा तो म्हातारा काही बोलला नाही. त्याने नातवाला बोट दाखवून ती दाखविली. तलाव पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. अर्धा-अधिक काठ अजून उघडा आहे.

आता जो प्रश्न खरोखर माझ्या कक्षेतला आहे, त्याकडे येऊन संपवितो. झाडे लावण्याची विद्या अवघड नाही, ती तुम्ही अर्ध्या तासात ऐकली. अवघड आहे ती वाट पाहणे. लावणी आज करावी आणि फळ तीन वर्षांनी मिळावे, हे ज्याला पुढच्या वर्षी तलाव आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याने का करावे? ठेका लांबला, ठेक्याची रक्कम वाढली किंवा तलाव दुसऱ्याच्या हाती गेला, तर रोवणी करणाराच्या हाती चिखलच उरतो. दोन वर्षांचे कूळ जमिनीत आंबा लावीत नाही, तद्वत हंगामापुरता मासेमार तलावात रान लावणार नाही. त्याने लावावे असे वाटत असेल तर त्याचा हक्क लांब मुदतीचा व खात्रीचा हवा, रोवणीच्या दिवसांची मजुरी सार्वजनिक कामाची मजुरी म्हणून मिळावयास हवी, आणि तलावासंबंधी कोणताही ठराव करण्यापूर्वी ढिवरांच्या संस्थेला विचारण्याची रीत पडावयास हवी. शेतकऱ्याचे पाणी आणि मासेमाराचे पाणी हा झगडाही त्याच बैठकीत मिटला पाहिजे. शेवटची हातभर पातळी राखली तरच झाडे व मासे उन्हाळा काढतात.

तुम्ही शहरातली माणसे. तुमच्या शहरातही एखादे तळे असेल. कधी त्याच्या सुशोभीकरणाची सभा भरेल, काठाला दगडी बांध घालण्याचे, तळ खरवडून 'संपूर्ण' साफ करण्याचे ठरेल, आणि अर्जावर सही मागण्यास कोणी तुमच्या दारी येईल. तेव्हा सही करण्यापूर्वी त्या तळ्यात जाळे टाकणारा कोणी आहे का, ते पाहा, आणि त्याला विचारा. मी विचारले नव्हते.